आठ नकोंची पाटी

लाँड्रीतल्या बायकांनी साहेबाचं नाव नकोबा ठेवलं होतं, आणि ज्या बाईला ते पहिल्यांदा सुचलं तिला खरं तर बक्षीस द्यायला हवं होतं. सकाळी सातला तो काचेच्या केबिनमध्ये येऊन बसायचा आणि माइक तोंडाशी धरून सुरू व्हायचा. खिडक्या उघडू नका. भिंतीला टेकू नका. चहाचे कप इकडे आणू नका. 'करा' असा शब्द त्याच्या तोंडून निघालाच, तर बायका एकमेकींना विचारायच्या, आज साहेबाला बरं नाही का. केबिन पाच पायऱ्या वर होती. तिथून त्याला अख्खी लाँड्री दिसायची, ऐकू मात्र काहीच यायचं नाही. खाली धुलाईची यंत्रं आणि ड्रायर मिळून कानाचे पडदे फाडायचे, आणि वर काचेआड हा गार वाऱ्यात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

खाली रोलरवर वहिनी उभी असायची. तिचा दीर पूर्वी इथे बॉयलर सांभाळायचा. तो हाक मारायचा म्हणून सगळ्यांनी ती हाक उचलली, आणि दीर नोकरी सोडून गेला तरी ही सगळ्या लाँड्रीची वहिनी होऊन राहिली. अकरा वर्षं ती एका जागी उभी होती. शिफ्ट संपेपर्यंत पाय इतके सुजायचे की चपलेत शिरायचे नाहीत. ती चपला हातात घेऊन फाटकापर्यंत जायची आणि तिथे नवऱ्याच्या स्कूटरवर बसायची.

केबिनमध्ये दोन खुर्च्या होत्या. एक नकोबाची. दुसरी, गादीवाली, जुनी सुपरवायझरबाई गेल्यापासून रिकामी होती. वहिनीला त्या खुर्चीची इतकी ओढ होती की तिचा रंग, तिच्या गादीवरची फाटकी शिवण, हाताच्या टेकूवरचा चहाचा डाग, सगळं तिला पाठ होतं. पगारापेक्षा, मानापेक्षा तिला ती बसण्यासाठी हवी होती. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रोलर म्हणजे एक आडवं लोखंडी नळकांडं. दोन माणसं झोपतील एवढं लांब, आणि आतून वाफेने तापलेलं. दोघींनी ओली चादर दोन टोकांना धरून ताणायची, कडेला लावायची आणि एकाच क्षणी सोडायची. एकीने आधी सोडली तर चादर तिरकी ओढली जाते. तिरकी गेली की ती सरळ करायला हात आपोआप पुढे जातो. आणि हात पुढे गेला की संपलं. चादर उंच धरलेली असते, वाफ उठत असते, शेजारणीचं तोंड दिसत नाही. म्हणून पूर्वीपासून रोलरवर तोंडाने काम चालायचं. एक म्हणायची 'सोडते', दुसरी म्हणायची 'सोड', आणि चादर जायची. दिवसात हजारदा.

त्या वर्षी चार नव्या बायका कामाला आल्या. दूर देशाच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या. त्यांच्यातली उंच बाई वहिनीची जोडीदारीण झाली. पहिल्याच तासाला दोघींनी आपसात शब्द ठरवून टाकले. उंच बाई म्हणायची 'बा', म्हणजे चालली. वहिनी म्हणायची 'या', म्हणजे झालं, सोडली. शाळा नाही, पुस्तक नाही, आणि एकही चादर तिरकी गेली नाही. उंच बाईला 'वहिनी' म्हणता येईना. ती 'बाईनी' म्हणायची. चालून गेलं.

गाडं अडलं ते नकोबाचं. माइकवरून त्याने कितीही नको-नको केलं तरी त्या चौघी वर बघून हसायच्या, मान डोलवायच्या आणि खिडकी उघडायच्या. तो खाली उतरून हातवारे करायला लागला, तर एकीला वाटलं याच्या खांद्यात कळ आलीय. तिने त्याला स्टूल आणून दिलं. त्या दिवशी लाँड्री पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी वहिनीला वर बोलावणं आलं.

"तुम्ही त्यांची भाषा शिकायची," नकोबा म्हणाला. "सायकलच्या दुकानावर एक बाई शिकवतात. दोन महिने. खर्च आपला. फक्त एक सांगतो, 'नको' तेवढं शिकून घ्या. बाकीच्या गप्पाटप्पा नकोत." मग त्याने त्या गादीवाल्या खुर्चीवर हात ठेवला. "पाटी लावायची आहे. आठ ओळी. मालकीणबाई हॉटेलवाल्यांना घेऊन येणार आहेत, त्याआधी. पाटी लागली की तुम्ही इथे."

वहिनी पायऱ्या उतरली तेव्हा तिला गुडघे दुखल्याचं जाणवलंसुद्धा नाही.

"शीक बाई शीक," नवरा घरी म्हणाला. तो शाळेची व्हॅन चालवायचा, आणि रोज संध्याकाळी बायकोचे पाय गरम पाण्याच्या बादलीत बुडवायचं काम न सांगता करायचा. "आजपर्यंत मला एकाच भाषेत नको म्हणायचीस. आता दोन झाल्या. माझं काही खरं नाही."

शिकवणारी बाई सत्तरीची, लहानखुरी. खोलीत चार खुर्च्या आणि एक फळा, खालून सायकलींना हवा भरल्याचा आवाज. वहिनीने पहिल्याच दुपारी साहेबाचा निरोप सांगितला, की फक्त 'नको' शिकवा.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तसं नाही होत," त्या म्हणाल्या. त्यांचं आपल्या भाषेतलं बोलणं जरा तुटक होतं, पण स्वच्छ. "आमच्यात कुणाला 'नको' म्हणायचं तर आधी 'मी' म्हणावं लागतं. 'मी बोलते' याला म्हणायचं आब्लो. त्यातला 'ओ' काढून टाकायचा, नवं शेपूट लावायचं, पुढे 'नो' ठेवायचं. नो आब्लेस. बोलू नकोस. जिला 'मी बोलते' म्हणता येत नाही, तिला दुसऱ्याला 'बोलू नको' कसं म्हणता येणार?"

वहिनीला हे पटलं आणि साहेबाची थोडी गंमतही वाटली. मग रोज दुपारी शिफ्ट संपली की ती सुजलेल्या पायांनी तो जिना चढायची. आब्लार म्हणजे बोलणं, शेवटी 'आर', पण नको म्हणताना त्याने 'ए' घालायचा. कोमेर म्हणजे खाणं, आब्रीर म्हणजे उघडणं, पण नको म्हणताना त्यांनी 'आ' घालायचा. नो कोमास, खाऊ नकोस. नो आब्रास, उघडू नकोस. 'आर'वाल्या आणि 'एर-ईर'वाल्या, दोन्ही घराण्यांनी एकमेकांचे कपडे घालायचे, बस. कपड्यांची अदलाबदल लाँड्रीतल्या बाईला काय शिकवायची. एकीला सांगायचं तर शेवटी 'स', पुष्कळजणींना सांगायचं तर 'न'. आठ दिवसांत वहिनी कपड्यांच्या घड्या घालावी तशी क्रियापदं घालायला लागली.

एके दिवशी बाईंनी घरचा अभ्यास दिला. दिवसभरात तुम्हाला कोण कोण 'नको' म्हणतं, ते लिहून आणा. वर्गात बँकेत काम करणारा एक माणूस होता, त्याने तीन आणले. लग्न ठरलेल्या मुलीने सात आणले आणि लाजली. वहिनीने चौतीस आणले, आणि म्हणाली की दुपारनंतर वही ओली झाली, नाहीतर अजून होते.

बाईंनी चौतीसच्या चौतीस वाचले. "आणि तुम्ही? तुम्ही कुणाला म्हणता?"

वहिनीने पुष्कळ आठवून पाहिलं. नवऱ्याला म्हणते ते थट्टेतलं. मुलगी लग्न होऊन गेली. "रोलरवर," ती शेवटी म्हणाली. "नवी बाई आली की पहिल्या दिवशी सांगते. हात घालू नकोस."

"नो मेतास ला मानो," बाईंनी फळ्यावर लिहिलं. "हे सगळ्यांत चांगलं आहे. बाकीचे चौतीस पुसून टाकले तरी चालतील."

आता घोडं पेंड कुठे खात होतं ते सांगायचं. नकोबाला काचेतून तोंडं हलताना दिसायची. आवाज नाही, नुसती तोंडं, आणि सगळ्यांत जास्त रोलरवरची. त्या बिचाऱ्याची, बिचारा कसला, त्याची खात्री झाली की रोलरवर दिवसभर चकाट्या पिटल्या जातात. अकरा वर्षांत खाली येऊन दोन मिनिटं कान दिले असते तर त्याला कळलं असतं. पण कान द्यायला पाच पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणून त्याच्या आठ ओळींतली पहिली ओळ होती, बोलू नका. आणि पाटी लागायच्या आधी एकदा त्याला रंगीत तालीम हवी होती.

"सांगा त्यांना," तो माइकवरून म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक शब्द नको."

वहिनीने म्हणायला हवं होतं की साहेब, रोलरवर बोलावं लागतं. ती म्हणाली नाही. खुर्ची समोर दिसत होती. शिवाय, आपण लपवून काय करायचं, तिला त्या नव्या भाषेतलं पहिलं वाक्य चारचौघांत म्हणून दाखवायची हौसही होती. तिने चौघींना गोळा केलं आणि एकही चूक न करता म्हणाली, "नो आब्लेन."

त्यांना कळलं. चौघींनी तिच्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे, आणि गप्प झाल्या. वर नकोबाने अंगठा दाखवला.

तासभर चाललं. नजरेने, हनुवटीने, कसंबसं. मग एक मोठी दुहेरी चादर आली, जड, पाण्याने निथळणारी. वहिनीने सोडली. उंच बाईने सोडली नव्हती. चादर तिरकी ओढली गेली, आणि वाफेतून वहिनीला दिसलं की शेजारचा हात सवयीने पुढे गेला. तिने गुडघ्याने लाल दांडी दाबली. रोलर थांबला, पण थांबायला त्याला जो क्षण लागतो तो लागलाच.

उंच बाई डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताने घट्ट धरून उभी होती. दोन बोटांची कातडी पांढरी पडली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ओठ दातांखाली दाबलेले होते. हूं नाही की चूं नाही. वहिनीने तिचा हात धरून नळाखाली घातला, तरी ती गप्प. तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं की ही ओरडत का नाही. हिला सांगितलंय ना, बोलू नको. आणि सांगणारी कोण, तर मीच.

वर नकोबाने माइक उचलला. "रोलर का थांबला? वेळ घालवू नका."

त्या क्षणी वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला नकोबाचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. जन्मात पहिल्यांदा तिचं 'नको' कुणीतरी शंभर टक्के ऐकलं होतं, आणि त्याचं हे फळ.

दवाखान्यातून उंच बाई दोन बोटांना पट्टी बांधून आली आणि चौथ्या दिवशी पुन्हा रोलरवर उभी राहिली, कारण न उभं राहून चालण्यासारखं नव्हतं. नकोबाने वहीत 'किरकोळ' असं लिहून टाकलं. वहिनीला त्याने कोरी पत्र्याची पाटी, काळा रंग आणि ब्रश दिला. पाटी रंगवणाऱ्याला ती भाषा येत नव्हती, तेव्हा हेही काम तिच्याच गळ्यात.

रविवारी दुपारी पाटी घरच्या टेबलावर पडली होती. शेजारी नकोबाने दिलेला आठ ओळींचा कागद. नवरा समोर बसला होता.

"लिहून टाक," तो म्हणाला. "आठ ओळी तर आहेत. तुझे पाय बघ. परवा डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, उभ्या राहू नका."

"मग?"

"तो एक नको मला मान्य आहे," वहिनी म्हणाली. "पण त्यासाठी दुसरीची बोटं भाजू द्यायची असतील तर मला ती खुर्ची टोचेल. गादी असली तरी टोचेल."

नवऱ्याने तिच्या पायांकडे पाहिलं. त्याला ती खुर्ची तिच्यापेक्षाही जास्त हवी होती. रोज ते पाय हातात घेणारा तोच होता. शेवटी तो उठला, पाटीची दोन टोकं पकडली आणि म्हणाला, "लिही काय लिहायचं ते. मी धरतो. हलली तर अक्षर वाकडं येतं."

मंगळवारी मालकीणबाई आल्या. साठीच्या, झपझप चालणाऱ्या, हातातल्या घड्याळाकडे बघायची सवय. हॉटेलवाले अर्ध्या तासात येणार होते. नकोबाने सगळ्यांना रोलरपाशी उभं केलं आणि पाटीवरचा कागद काढायला वहिनीला पुढे बोलावलं. "मॅडम, या आपल्या नव्या सुपरवायझर," तो म्हणाला. "भाषा शिकल्यात. आठ सूचना लिहिल्यात."

वहिनीने कागद काढला. पाटीवर आठ ओळी नव्हत्या. दोनच होत्या, मोठ्या, काळ्याभोर, आणि प्रत्येकीखाली आपल्या भाषेत अर्थ.

तिने वाचून दाखवलं. "नो मेतान लास मानोस. हात आत घालू नका. नो देहेन दे आब्लार. बोलणं थांबवू नका."

चौघींपैकी कुणीतरी श्वास आत ओढला. नकोबाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"हे काय आहे?"

"नकोच आहेत, साहेब. तुम्ही सांगितलं होतं ना, नको तेवढंच शिका. दोन्ही ओळी नकोनेच सुरू होतात." मग ती मालकीणबाईंकडे वळली आणि थट्टा बाजूला ठेवली. "मॅडम, रोलरवर आम्ही गप्पा मारत नाही. सोडताना एकमेकींना सांगतो. साहेबांनी बोलू नका म्हणून सांगायला लावलं. मी सांगितलं. हिची बोटं बघा."

उंच बाईला सगळं कळलं नसावं, पण बोटं तिने वर केली. मालकीणबाईंनी पट्टीकडे पाहिलं, नकोबाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मला हे कळवलं नव्हतं कुणी," त्या म्हणाल्या. "पण आज नको हा विषय. पाहुणे येतीलच एवढ्यात. पाटी काढून ठेवा, नंतर बघू." आणि त्या फाटकाकडे निघून गेल्या. न्याय होईल म्हणून वाट बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, मालक लोकांचं 'नंतर बघू' म्हणजे काय ते.

त्यांची पाठ वळल्याबरोबर नकोबा फुटला. माइकची त्याला गरजच उरली नव्हती. तुम्हाला वर बसवणार होतो, लायकी दाखवली, नाकापेक्षा मोती जड झाला, सगळं झालं. वहिनी ऐकून घेत होती. पाय दुखत होते आणि खुर्ची गेली हे तिला कळलं होतं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण ती जागची हलली नाही.

"खुर्चीचं विसरा," नकोबा म्हणाला. "आणि मला तुमची गरजही नाही. मी स्वतः सांगतो त्यांना. सांगा, 'बोलू नका' कसं म्हणायचं?"

"ते मी नाही सांगणार."

"काय?"

"नाही सांगणार. तो शब्द मी एकदा वापरला, आता पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही. तुम्हाला हवा असेल तर शिका. सायकलच्या दुकानावर वर्ग आहे. दोन महिने लागतात." ती थांबली. "आधी 'मी' शिकवतात. ते तुम्हाला पटकन येईल."

मागे रोलरच्या पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. नकोबाने तिला कामावरून काढायची धमकी दिली. ती म्हणाली, काढा, पण मग त्या चौघींना काही सांगायला या इमारतीत एकही जीभ उरणार नाही. हे तिने आवाज न चढवता सांगितलं. त्याला हिशेब कळला असावा. तो पाटी काखेत मारून पायऱ्या चढला. पाटी स्टोअरमध्ये गेली, ती अजून तिथेच आहे. गादीवाल्या खुर्चीवर पुढच्या आठवड्यात पॅकिंगचा माणूस येऊन बसला. त्याचे पाय ठणठणीत आहेत.

वहिनीने मात्र शिकलेलं वाया घालवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत चौघी तिच्याभोवती डबे घेऊन बसायच्या आणि ती त्यांना आपली भाषा शिकवायची. सुरुवात बाईंनी केली होती तशीच. मी बोलते. मी उभी राहते. मी दमते. त्यानंतर नको. आपल्याकडे सोपं आहे, ती म्हणायची, कपडे बदलायला नकोत, शेवटी नुसतं नको लावायचं. साहेबाला म्हणायचं असेल तर 'नका'. मान ठेवायचा, पण म्हणायचं.

महिन्याभराने एका सकाळी नकोबा खाली उतरला. रोलरवर तोंडं हलत होती, नेहमीसारखी. त्याने तिथूनच आवाज चढवला. एक ओली चादर दोघींच्या हातांत ताणलेली होती, वाफ उठत होती, तोंडं दिसत नव्हती. चादरीआडून उंच बाईचा आवाज आला. मान न वळवता, सावकाश, एकेक अक्षर नीट लावून.

"ओरडू नका, साहेब. आम्ही बोलतो."

नकोबा तिथेच उभा राहिला. रोलरला मात्र थांबून चालण्यासारखं नव्हतं.

"बा," उंच बाई म्हणाली.

"या," वहिनी म्हणाली, आणि दोघींनी एकदम चादर सोडली.